उमेदवार की पाहुणा?

(एम. ए. भाग १, अर्थशास्त्र)

‘उमेदवार’ हा शब्द ऐकला की आज आपल्या डोळ्यांपुढे हात जोडून उभा असलेला निवडणुकीतला माणूस येतो. आमच्या आजोबांच्या पिढीत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ होता. छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर किंवा लोहाराच्या भट्टीवर जो नवखा मुलगा काम शिकण्यासाठी राहत असे, तो उमेदवार. ‘अमक्याचा धाकटा सध्या उमेदवारी करतो आहे’ असे कोणी सांगितले की ऐकणारा समजून जाई, पोरगा अजून कमवत नाही, पण वायाही गेलेला नाही. उमेद हा मूळ फारसी शब्द, त्याचा अर्थ आशा. आशा धरून जो दारात उभा राहिला तो उमेदवार. १९६१ साली आपल्या देशात शिकाऊ मुलांसाठी जो कायदा झाला त्याचे मराठी नावही ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असेच आहे.

हा जुना शब्द आठवायला एक कारण घडले. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांची लहानशी फाउंड्री आहे. गेली काही वर्षे सुटीत मी तेथे ऑफिसात बसते. हजेरीपट लिहिणे, पत्रांना उत्तरे देणे, चलने तयार करणे अशी माझी कामे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा डिसेंबरात काकांच्या टेबलावर एकाच नमुन्याची पत्रे येऊन पडतात. ‘आमच्या महाविद्यालयातील पुढील विद्यार्थ्यांना आपल्या कारखान्यात इंटर्नशिपची संधी द्यावी, ही विनंती.’ खाली दहा-बारा नावे. पत्रापाठोपाठ ती मुलेही येतात. मी त्यांना खुर्च्या देते, चहा सांगते. चहा झाला की पुढे काय करायचे हे मुलांनाही ठाऊक नसते आणि आम्हांलाही.

या खुर्च्यांविषयी आणि या चहाविषयी मला लिहायचे आहे. कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थिनीने अभियांत्रिकीच्या पोरांची चिंता का वाहावी? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, ही वेळ आता आपल्यावरही आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले, त्याला चार श्रेयांक आहेत. आपणही पत्र हातात घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहणार आहोत. दुसरे उत्तर असे की, घरी आलेल्या नवख्या माणसाला कसे वागवावे, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही, माणसांचा आहे. आणि माणसांविषयी बोलण्याचा हक्क कला शाखेने अजून सोडलेला नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कायद्याने ज्याला शिकाऊ उमेदवार म्हटले आहे तो आणि महाविद्यालयाच्या पत्रावर येणारा इंटर्न हे दोघे वेगळे आहेत. १९६१ च्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही, म्हणजे तुम्हां-आम्हांलाही, त्यात जागा मिळाली. २०१९ च्या नियमांनी ठरवून दिले की, ३० किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९००० रुपये विद्यावेतन दिले पाहिजे. म्हणजे उमेदवाराला कायद्याचे छत्र आहे. इंटर्नचे तसे नाही. तो अजून शिकतो आहे, त्याला महाविद्यालयाने पाठवले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक देऊन ती पदवीचा सक्तीचा भाग केली, सगळी मिळून ६०० ते ७०० तासांची. विद्यार्थ्यावर सक्ती आहे. परंतु ज्याच्या दारात त्याने जायचे, त्या लहान कारखानदारावर काहीच बंधन नाही. विद्यार्थ्याला कागद हवा असतो आणि कारखानदाराला पाठवणी करायची असते. या दोन गरजा एकमेकींना इतक्या चपखल बसतात की त्यांतून खोटेपणा सहज जन्माला येतो.

तो खोटेपणा मी माझ्या हाताने केला आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महाविद्यालयातून दहा मुले आली. काकांनी बाहेर डोकावून पाहिले आणि मला म्हणाले, “अगं, दहा जणांना मी कुठं उभं करू? भट्टीजवळ कुणाच्या पायावर लोखंड सांडलं म्हणजे? चहा दे, आणि सर्टिफिकेट करून ठेव. महिना झाला की घेऊन जातील.” मी नमुना तयार केला. ‘सदर विद्यार्थ्याने आमच्या कारखान्यातील मोल्डिंग, मेल्टिंग व फेटलिंग या विभागांत परिश्रमपूर्वक काम केले. त्याची वर्तणूक उत्तम होती.’ दहा वेळा नाव बदलले, दहा प्रती काढल्या. काकांनी एका दमात दहा सह्या केल्या. त्या वेळी मला त्यात वावगे काहीच वाटले नाही. उलट ‘परिश्रमपूर्वक’ हा शब्द सुचला म्हणून मी खूश होते.

गेल्या वर्षी आम्हांला एक नवा माणूस घ्यायचा होता. मुलाखतीला पाच-सहा जण आले. त्यांतल्या एका मुलाला काकांनी अगदी साधा प्रश्न विचारला, “रायझर कशाला ठेवतात?” फाउंड्रीत आठ दिवस वावरलेल्यालाही याचे उत्तर येते. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते. ती तूट भरून काढायला साच्यात वरती रसाचा जो जास्तीचा साठा ठेवतात, तो रायझर. मुलगा गप्प राहिला. मग त्याने पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. म्हणाला, “सर, मी आपल्याच कारखान्यात इंटर्नशिप केली आहे.” काकांनी कागद वाचला. मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग, परिश्रमपूर्वक. खाली त्यांचीच सही.

काका रागावले. म्हणाले, “महिनाभर काम केलंस आणि रायझर माहीत नाही?” त्यावर तो मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, “सर, मी आलो होतो. तुम्हीच घरी जा म्हणाला होता.”

त्या दिवशी काका जेवले नाहीत असे मी म्हणणार नाही. जेवले. पण जेवताना ते बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. त्या मुलाला आम्ही नोकरी दिली नाही. देता आली नसती. पण त्याला जे येत नव्हते त्यात आमचा वाटा किती होता, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

आता दुसरी बाजू सांगते, कारण याच फाउंड्रीत मी चांगले घडलेलेही पाहिले आहे. त्यानंतरच्याच सत्रात एक मुलगा सहा महिन्यांसाठी आला. काकांनी या वेळी पत्रातल्या बाकीच्या नावांना नकार कळवला आणि एकालाच बोलावले. पहिला आठवडा तोही माझ्यासमोरच्या खुर्चीतच बसला होता. मग काकांनी त्याला आमच्या सर्वांत जुन्या मोल्डरकडे, मिस्त्रींकडे नेले. म्हणाले, “मिस्त्री, दुसऱ्या पाळीत कास्टिंग जास्त वाया जातात. का जातात, एवढंच या पोराला शोधू दे.”

आमच्याकडे साचे ओल्या वाळूत होतात. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण असते ते. पाणी अगदी बेताचे लागते. शंभर किलो वाळूला तीन-चार किलो, त्याच्या आसपास. पाणी जास्त झाले तर सुमारे १४०० अंशांचे लोखंड आत पडताच त्याची वाफ होते, ती वाफ धातूत अडकते आणि कास्टिंगला भोके पडतात. त्यांना ब्लो होल म्हणतात. मिस्त्री वाळू मुठीत दाबून पाहतात, मग मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडतात. कडा नीट मोडल्या तर वाळू ठीक. त्या मुलाने महाविद्यालयातून ओलावा मोजण्याचे उपकरण आणले. त्यात वाळूबरोबर कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून हलवले की ओलाव्याच्या प्रमाणात वायू तयार होतो आणि काटा सरकतो. मिस्त्री मूठ दाबायचे, हा काटा पाहायचा, आणि दोन्ही गोष्टी वहीत लिहायचा. दर दोन तासांनी, दोन्ही पाळ्यांत. महिनाभर हेच चालले.

वहीतून जे दिसले ते असे. पहिल्या पाळीत वापरलेली वाळू साचे फोडल्यावर पुन्हा मिक्सरकडे येते. दुपारनंतर तिचे इतके फेरे झालेले असतात की ती थंड व्हायला वेळच मिळत नाही. गरम वाळूतले पाणी लवकर उडते, म्हणून ती हाताला कोरडी लागते, म्हणून मिक्सरवरचा माणूस जास्त पाणी सोडतो. त्याच पाण्याचा काही भाग मग थंड पॅटर्नवर आणि साच्यात जाऊन बसतो. दोष पाण्यात नव्हता, माणसातही नव्हता, वाळूला विसावा नव्हता. उपाय फुकटचा निघाला. वाळूचे दोन ढीग करायचे, एक वापरायचा आणि दुसरा पसरून निवू द्यायचा. फेटलिंगच्या बाजूला नाकारलेल्या कास्टिंगची जी रास असायची ती पुढच्या महिन्यांत नजरेत भरण्याइतकी लहान झाली.

मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढे आहे. मुलाने आपला अहवाल काकांना वाचून दाखवला तेव्हा मिस्त्री दारात उभे होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “मालक, वाळू तापती हे मी दहा वर्षं सांगतोय. पण माझं कुणी लिहून घेतलं नव्हतं.”

ते खरेच होते. ज्ञान मिस्त्रींच्या मुठीत होते. मुलाने त्याला आकडे दिले आणि कागद दिला. मुलाला मिस्त्री मिळाले नसते तर त्याचे उपकरण माझ्या समोरच्या टेबलावर पडून राहिले असते. आणि मिस्त्रींना तो मुलगा मिळाला नसता तर त्यांचे बोलणे आणखी दहा वर्षे हवेत गेले असते. महाविद्यालय आणि कारखाना यांची गाठ घालून द्यायची ती एवढ्यासाठीच, असे मला वाटते.

परंतु या गोष्टीला एक तळटीप आहे आणि ती हजेरीपटात लिहिलेली आहे. आमचे मोल्डर नगावर काम करतात. जितके साचे, तितकी मजुरी. आठवड्याचा हिशेब मीच मांडते. तो मुलगा मिस्त्रींच्या हाताखाली आल्यापासून त्यांच्या साच्यांचा आकडा खाली गेल्याचे मला दिसले. प्रथम वाटले, आजारी असतील. मग उमगले की मुलाला समजावून सांगण्यात, त्याच्यासाठी मूठ दाबून दाखवण्यात, त्याने चुकून बिघडवलेला साचा पुन्हा करण्यात जो वेळ जात होता तो मिस्त्रींच्या पगारातून कापला जात होता. महाविद्यालयाचे आभाराचे पत्र आले ते काकांच्या नावे. मुलाला श्रेयांक मिळाले, काकांची वाळू सुधारली, प्राध्यापकांच्या अहवालात एक ओळ वाढली. आणि या सगळ्याची फी भरली ती आमच्या फाउंड्रीतल्या, स्वतः सातवी शिकलेल्या माणसाने.

मी वही नेऊन काकांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हे माझ्या ध्यानातच आलं नाही.” त्यांनी मागची तूट भरून दिली. पण ध्यानात न आलेले असे किती हजेरीपट या वसाहतीत असतील, कोण जाणे.

वास्तविक ही काही नवी अडचण नाही आणि तिच्यावर पूर्वी विचार झालेला नाही असेही नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, तेव्हा त्याचा जोडीदार वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. यात खुबी अशी होती की कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे. म्हणजे ती जागा खरी होती, तेथे माणूस नसला तर कोणाचे तरी अडले असते. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ या नावाने विद्यार्थ्यांना उद्योगांत पाठवायला सुरुवात केली. पुण्याकडे प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचा ‘सँडविच’ अभ्यासक्रम असे, तो आपल्या काही प्राध्यापकांना आठवत असेल. या सगळ्यांतून एक कसोटी हाती लागते, आणि ती लहानशा फाउंड्रीलाही लावता येते. उद्या हा विद्यार्थी आला नाही तर कोणाला चुकल्यासारखे होईल काय? होणार नसेल तर तो पाहुणा आहे.

पाहुण्याचे आपल्याकडे काय होते हे म्हणीतच सांगितले आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सहा महिने पाहुणा म्हणून राहणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. दुसरे टोकही तितकेच वाईट आहे. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे फुकटचा गडी. झेरॉक्स आण, माल मोज, गोदामातल्या पेट्या हलव. कामाचा उपयोग झाला तरी शिकण्याचा पत्ता नाही, आणि पैशाचे नाव काढायचे नाही. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ असे आपण थट्टेने म्हणतो. येथे पगारही नाही आणि अधिकारही नाही. पाहुणा आणि गडी यांच्यामध्ये जी जागा आहे तिलाच जुने लोक उमेदवारी म्हणत होते.

आणखी एक गोष्ट मी मुलगी म्हणून लिहिते. आलेल्या पत्रांत मुलींचीही नावे असतात. मुलींना आम्ही शॉपवर पाठवत नसू. ‘ऑफिसात बसा, संगणकावर काहीतरी करा’ असे सांगत असू. कारण विचारले तर उत्तर मिळे, ‘तिथं मुलींचं काम नाही.’ खरे कारण असे होते की शॉपच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हते. मी स्वतः ऑफिसातले वापरत होते, म्हणून इतकी वर्षे माझ्याही ते लक्षात आले नाही. धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलीने भट्टी काचेतूनच पाहायची, याला एक दार आणि चार भिंती नसणे एवढेच कारण असू शकते, हे कोणत्याही अहवालात येत नाही. यजमानपणाची सुरुवात चहापासून होत नाही, येथून होते.

कारखानदारांची बाजू मी रोज ऐकते, म्हणून ती डावलून पुढे जाणार नाही. लहान कारखान्यात ऑर्डरची घाई असते. अपघात झाला तर जबाबदारी मालकावर येते. मुलगा शिकून तयार होतो आणि मोठ्या कंपनीत निघून जातो. हे सगळे खरे आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे मुलांना सांगणे सोपे आहे, पण टाकी कोणाच्या तरी हातात असावी लागते, आणि त्या हाताला त्या दिवशी दुसरेही काम असते. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की दहा मुलांना नाही म्हणावे आणि एकालाच हो म्हणावे. दहांना हो म्हणून घरी पाठवण्यापेक्षा नऊ जणांना स्वच्छ नकार देणे अधिक प्रामाणिक आहे. निदान ती मुले दुसरे दार तरी ठोठावतील.

निघून जाण्याची तक्रार मात्र मला पटत नाही. कोल्हापूरचे उद्यमनगर कसे उभे राहिले हे येथल्या कोणालाही विचारा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे तुम्हांला ऐकायला मिळतील. पुस्तकी शिक्षणाच्या भरवशावर न राहता ज्यांनी यंत्रे समजून घेतली आणि घडवली, अशी ती पिढी. एकाच्या शॉपमध्ये हात बसलेला माणूस बाहेर पडून स्वतःचे लेथ टाकत होता. प्रत्येकाने ‘हा शिकून निघून जाईल’ असे म्हणून शिकवणे थांबवले असते तर काकांची फाउंड्रीही नसती. काका स्वतः दुसऱ्याच्या शॉपमधून शिकून निघालेले आहेत.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. विद्यार्थी येण्यापूर्वी कारखान्याने एक खरा प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचे उत्तर त्याला स्वतःला हवे आहे. ज्या माणसाच्या हाताखाली विद्यार्थी द्यायचा त्याचे नाव आधी सांगावे, आणि शिकवण्यात जाणाऱ्या वेळाची मजुरी त्याला द्यावी. ती कारखान्याने द्यावी की महाविद्यालयाने, यावर वाद होऊ शकेल. ती त्या माणसाच्या खिशातून जाऊ नये, यावर वाद नसावा. विद्यार्थ्याच्या वहीची एक प्रत शॉपमध्ये राहावी. देखरेखीसाठी येणाऱ्या प्राध्यापकांनी ऑफिसातल्या चहावर न थांबता आत यावे, बूट मळले तरी चालतील. आणि प्रमाणपत्रावर मालकाच्या सहीबरोबर शिकवणाऱ्याचीही सही असावी. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मालकाला दहा खोट्या सह्या एका दमात करता येतात, कारण त्याने त्या मुलांना पाहिलेलेच नसते. मिस्त्री तशी सही करणार नाहीत. ‘हा पोरगा माझ्याकडं नव्हता’ असे ते सरळ म्हणतील.

आता माझ्या स्वतःच्या परीक्षेविषयी सांगून थांबते. या वर्षी माझे ऑन जॉब ट्रेनिंग होते. एका पतसंस्थेत पत्र घेऊन गेले. व्यवस्थापक भले गृहस्थ. पत्र वाचून म्हणाले, “कशाला रोज येता? शेवटच्या दिवशी या, सही-शिक्का घेऊन जा. अभ्यास करा तोवर.” वाचकहो, मला मोह झाला नाही असे सांगितले तर ते आणखी एक खोटे प्रमाणपत्र होईल. परीक्षा जवळ होती. मी ‘बरं’ म्हणून दारापर्यंत आले. मग त्या मुलाचा हळू आवाज आठवला आणि परत फिरले. म्हटले, “साहेब, मला काम द्या.” ते हसले, पण त्यांनी काम दिले. पिग्मी गोळा करणाऱ्या अण्णांबरोबर मी बाजारपेठेत फिरू लागले.

रोज पन्नास-शंभर रुपये बाजूला काढणाऱ्या भाजीवाल्या, चपला शिवणारे, पानपट्टीवाले यांच्याकडून मी बचतीचे जे अर्थशास्त्र शिकले ते आमच्या संदर्भग्रंथांत या शब्दांत नाही. एका बाईंना मी विचारले, “बँकेत जास्त व्याज मिळतं, मग इथे का?” त्या म्हणाल्या, “बँक माझ्या पाटीपाशी येती काय?” पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की अण्णा कमिशनवर आहेत. मला समजावून सांगायला ते जितके थांबत तितकी त्यांची दुकाने कमी होत. पुन्हा तोच हजेरीपट. मग मी माझे प्रश्न चालता-चालता विचारू लागले आणि संध्याकाळी त्यांची खतावणी लिहून देऊ लागले. एवढे तरी मला करता येत होते.

शेवटच्या दिवशी व्यवस्थापकांनी सही-शिक्का दिला. मी तोच कागद अण्णांपुढे ठेवला आणि म्हटले, “अण्णा, इथे खाली तुमचीही सही पाहिजे.” ते दचकले. म्हणाले, “माझी कशाला गं? मी काय साहेब आहे?” मी म्हटले, “शिकवलं तुम्ही.” त्यांनी पेन घेतले, सदऱ्याला हात पुसले आणि अगदी सावकाश सही केली.

आपल्यापैकी पुष्कळ जण लवकरच असेच पत्र घेऊन निघतील. कोणी ‘शेवटच्या दिवशी या’ म्हणाले तर एकदा परत फिरून काम मागावे. आणि आपल्याला प्रत्यक्ष कोणी शिकवले, त्या माणसाची सही आपल्या कागदावर आहे की नाही, हे घरी येण्यापूर्वी पाहून घ्यावे.